माळ वाढते, कावीळ उतरते, श्रेय कोणाचे?

मागच्या पावसाळ्यात एक शिक्षिका आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. पोराला चार दिवस बारीक ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडालेली. त्यात त्या दिवशी लघवी गडद पिवळी झाली म्हणून आई घाबरली होती. मुलाला खिडकीपाशी उभे करून डोळे पाहिले. कावीळ होती. पोट तपासण्यासाठी शर्ट वर केला, तेव्हा आईने पटकन हात पुढे केला. शर्टाच्या आत काविळीची माळ होती. आदल्याच दिवशी आजोबांनी शेजारच्या गावातून आणून घातली होती. डॉक्टर आता रागावणार, असा भाव त्या बाईंच्या चेहऱ्यावर होता.

मी रागावलो नाही. रक्त तपासून घेतले, कावीळ साध्या प्रकारची म्हणजे हिपॅटायटिस ए ची निघाली. मळमळीसाठी दोन दिवसांच्या गोळ्या दिल्या, काय खायचे ते सांगितले, कोणती लक्षणे दिसली तर मध्यरात्रीही या, ते कागदावर लिहून दिले. तीन आठवड्यांनी माय-लेक पुन्हा आले. पोराचे डोळे पांढरे झाले होते. माळ बेंबीपर्यंत आली होती. बाईंनी विचारले, "डॉक्टर, तुमचं औषधही चालू होतं आणि माळही होती. गुण नक्की कशाचा आला?"

मी म्हटले, "ताई, माळेचाही नाही आणि माझाही नाही. गुण त्याच्या यकृताचा."

त्या उत्तराने त्यांचे समाधान झाले की नाही, ठाऊक नाही. पण त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर द्यायला दवाखान्यात वेळ नव्हता, म्हणून ते आज या सदरात देतो.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. जुन्या पेशी मोडतात तेव्हा त्यांच्यातून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते उचलते, पित्तात मिसळते आणि आतड्यात सोडते. यकृताला सूज आली की हे काम अडते, पिवळे द्रव्य रक्तात साठते आणि डोळ्यांत, कातडीत, लघवीत दिसू लागते. म्हणजे कावीळ हा स्वतंत्र रोग नव्हे, यकृताकडील किंवा रक्तातील बिघाडाची ती खूण आहे. ताप जसा अनेक कारणांनी येतो तशीच कावीळही अनेक कारणांनी होते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा घोटाळा तो विसरल्यामुळे होतो.

आपल्याकडे पावसाळ्यात दिसणारी कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंमुळे होते. गटाराचे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले की हे विषाणू पोटात जातात आणि साधारण दोन ते सहा आठवड्यांनी आजार दिसू लागतो. या दोन्ही विषाणूंना मारणारे खास औषध नेहमीच्या रुग्णासाठी आजही नाही, आणि बहुतेक रुग्णांना ते लागतही नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्ती विषाणू हुडकून काढते, बाधलेल्या पेशी काढून टाकते, आणि यकृत त्या जागी नव्या पेशी तयार करते. यकृताची ही ताकद विलक्षण आहे. शस्त्रक्रियेत निरोगी यकृताचा अर्ध्याहून अधिक भाग काढला तरी उरलेला भाग वाढून काही महिन्यांत जवळजवळ पूर्वीच्या आकाराचा होतो. आई-वडिलांचे अर्धे यकृत मुलाला देता येते ते याच गुणामुळे.

आता माळेचे गणित पाहू. या आजारात आधी ताप, मळमळ आणि अशक्तपणा येतो. पिवळेपणा नंतर दिसतो, आणि तो पुरता वर आलेला असतो तेव्हा बहुतेकांची मळमळ कमी होऊन भूक परतू लागलेली असते. लोक माळ घालायला जातात ते पिवळेपणा दिसल्यावर. म्हणजे शरीराने लढाई निम्मी जिंकल्यावर माळ गळ्यात पडते आणि विजयाची मिरवणूक तिच्या नावाने निघते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, तसा हा प्रकार.

मग माळ वाढते कशी? तीत चमत्कार काही नाही. वनस्पतीच्या ओल्या देठांचे तुकडे दोऱ्याच्या फासात अडकवून माळ गुंफतात. देठ सुकले की बारीक होतात, फास सैल पडतात आणि अडकलेला दोरा मोकळा होतो. तीच माळ खुंटीला टांगून ठेवली तरी वाढते. खुंटीला कावीळ झालेली नसते. चुन्याच्या निवळीत हात धुऊन पिवळे पाणी काढून दाखवण्याचा प्रकारही असाच. हाताला आंब्याच्या सालीचा रस आधी लावलेला असेल तर चुन्याशी त्याचा पिवळा रंग होतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळाशाळांतून हा प्रयोग करून दाखवत आले आहेत.

इथवर वाचून माझे काही डॉक्टर मित्र खूश होतील. पण आरसा जरा आपल्याकडेही वळवला पाहिजे.

माळ फक्त गावातला वैदूच घालतो असे नाही. आम्हीही घालतो. आमची माळ काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बाटलीत असते. "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा," असे म्हणत रुग्ण येतो आणि आम्ही लावतो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. ज्याला तोंडाने पाणी पचते त्याला लिंबू सरबताच्या दोन-तीन पेल्यांतून हेच मिळते. ज्याच्या पोटात पाण्याचा थेंब टिकत नाही, त्याला सलाईन जीवदान देते. बाकीच्यांना ती माळ आहे. काविळीत सर्रास दिले जाणारे यकृताचे टॉनिक, लाल रंगाचे बी-कॉम्प्लेक्सचे इंजेक्शन, सर्दी-पडशाला दिलेले अँटिबायोटिक, या सगळ्या आमच्या माळा. सर्दी सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते, आणि श्रेय सुईला जाते.

मीही हे केले आहे. दवाखाना नवा होता, समोरच्या गल्लीतला डॉक्टर सुई देत होता आणि मी दिली नाही तर रुग्ण त्याच्याकडे जात होते. पोटापाण्यासाठी केले, असे म्हणून ते बरोबर ठरत नाही. त्यातून नुकसान दुहेरी होते. अँटिबायोटिकचा असा वापर झाल्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानातच हा इशारा देऊन ठेवला होता. दुसरे नुकसान असे की, शरीर आपले आपण बरे होऊ शकते हा विश्वासच रुग्णाच्या मनातून जातो. मग तो सुईकडून माळेकडे आणि माळेकडून सुईकडे हेलपाटे घालत राहतो.

म्हणून निसर्गावर भरवसा ठेवा, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते त्या भरवशाला मर्यादा नाही असे समजण्याशी. हे का म्हणतो, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी सात महिन्यांची गरोदर तरुणी सासूबरोबर आली. दोन दिवस उलट्या, जेवण जात नाही. बाहेर पंधरा-वीस रुग्ण बसले होते. ट्यूबलाइटच्या उजेडात डोळे पाहिले, काही विशेष वाटले नाही. "गरोदरपणात होतं असं," म्हणालो, उलटीचे इंजेक्शन दिले आणि पाठवून दिले. ट्यूबलाइटच्या उजेडात सुरुवातीची कावीळ दिसत नाही, हे मला ठाऊक असायला हवे होते. लघवीचा रंगही मी विचारला नाही.

चार दिवसांनी तिचे डोळे घरच्यांनाच पिवळे दिसले. ते तिला माळवाल्याकडे घेऊन गेले. आठ दिवस पथ्य चालले. नवव्या दिवशी ती दिवसा झोपू लागली, असंबद्ध बोलू लागली, तेव्हा जीपमध्ये घालून माझ्याकडे आणली. मी तशीच जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवली. पोटातले मूल आधीच गेले होते. तिसऱ्या दिवशी तीही गेली. तपासणीत हिपॅटायटिस ई निघाला.

जीपमध्ये तिला तपासले तेव्हा माळ गळ्यात होती. ती पोटापर्यंत आली होती. ठरल्याप्रमाणे वाढली होती.

पंधरवड्याने तिचे सासरे मागची राहिलेली फी द्यायला आले. मला ती घेववली नाही. पहिल्याच दिवशी मी ओळखले असते तर ती नक्की वाचली असती असे म्हणणार नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायांपर्यंत दगावू शकतात, आणि मोठ्या रुग्णालयातही यावर हमखास औषध नाही. पण योग्य ठिकाणी बारा-तेरा दिवस आधी पोचण्याची संधी तिला मिळाली असती. ती संधी आधी माझ्या इंजेक्शनने घालवली आणि मग माळेने. त्या दोहोंत काही फरक होता, असे मला वाटत नाही. तेव्हापासून उलटीच्या प्रत्येक रुग्णाला मी लघवीचा रंग विचारतो, आणि रात्री आलेल्याला सकाळच्या उजेडात पुन्हा डोळे दाखवायला बोलावतो.

निसर्गोपचाराचा विषय निघाला की महात्मा गांधींचे नाव निघतेच. १९०९ मध्ये लिहिलेल्या 'हिंद स्वराज्य'मध्ये त्यांनी डॉक्टरांवर कडक टीका केली होती. पण जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना अपेंडिक्सचा आजार झाला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यविशारदाकडून त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पूर्ण करावी लागली. त्यानंतरही त्यांची निसर्गोपचारावरची श्रद्धा गेली नाही. १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांनीच निसर्गोपचाराचे केंद्र सुरू केले. माती, पाणी, आहार आणि विश्रांती यांवर ज्यांचा एवढा विश्वास, त्यांनीही अपेंडिक्सला मातीची पट्टी बांधून वाट पाहिली नाही. मला यात विसंगती दिसत नाही. शरीराला कुठे सोडून द्यायचे आणि कुठे मदतीला धावायचे, हे ओळखण्यात शहाणपण आहे.

काविळीत ते ओळखावे कसे? पुढील गोष्टी घराघरांत माहीत असाव्यात.

१. गरोदर स्त्रीला कावीळ झाली तर एक दिवसही घरी थांबू नये. रक्त गोठण्याच्या तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

२. काविळीचा रुग्ण दिवसा झोपू लागला, रात्री जागू लागला, बरळू लागला, वागणे बदलले, तर यकृत थकल्याची ती खूण आहे. तो आराम करतो आहे असे समजू नये.

३. उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते, शौच काळी होते, पोट फुगते, ही सर्व तातडीची लक्षणे आहेत.

४. कावीळ आणि थंडी वाजून ताप, किंवा उजव्या बरगडीखाली जोराची कळ असेल तर पित्तनलिकेत खडा असू शकतो. मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिसमध्येही कावीळ होते. यांना औषध आहे, आणि ते वेळेवरच द्यावे लागते.

५. चाळिशीनंतर पोटात न दुखता कावीळ वाढत गेली, अंगाला खाज सुटली, शौच पांढुरकी झाली, तर मार्ग अडल्याचा संशय घ्यावा. अडथळा कर्करोगाचाही असू शकतो.

६. बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पिवळे दिसले, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर कोवळ्या उन्हात धरून बसू नये, लगेच रुग्णालयात न्यावे.

हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात आणि वर्षानुवर्षे मुक्कामाला राहू शकतात. डोळे पांढरे झाले म्हणजे हा विषाणू गेला असे नसते. सी आता साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो, बी आटोक्यात ठेवता येतो आणि बीची लस बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांत देता येते. २०१८ पासून सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात यांची तपासणी आणि औषधे मोफत देण्याची सोय केलेली आहे. माळ घालून बसलेला माणूस या सगळ्याला मुकतो.

ज्यांची कावीळ साधी आहे, त्यांनी शरीराला मदत कशी करावी? मुख्य म्हणजे त्याच्या आड येऊ नये. थकवा सांगेल तेवढी विश्रांती घ्यावी. हळद बंद, तेल-तूप बंद, डाळ बंद, असे करून यकृताला उपाशी मारू नये. नव्या पेशी बांधायला प्रथिने लागतात. वरण-भात, भाकरी, दही, चालत असेल तर अंडे, जे पचेल ते थोडे थोडे खावे. अन्नातल्या हळदीने डोळे पिवळे होत नाहीत. उसाच्या रसाचे तर मला नेहमी नवल वाटते. काविळीवर उतारा म्हणून लोक गाड्यावरचा रस पितात, आणि त्यातला बर्फ ज्या पाण्याचा असतो त्या पाण्यातूनच कावीळ आलेली असू शकते. दारूचा थेंबही घेऊ नये. तापाची वा दुखण्याची कोणतीही गोळी आपल्या मनाने घेऊ नये.

हाच नियम काढ्यांना आणि चूर्णांना लागू आहे. झाडपाला आहे म्हणून निरुपद्रवी, हा समज सोडला पाहिजे. धोतराही झाडच आहे. कोरोनाच्या साथीत लोकांनी प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून महिनोन् महिने गुळवेलीचे काढे घेतले. २०२१ मध्ये मुंबईच्या काही डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. हा वाद तज्ज्ञांचा आहे. पण आधीच सुजलेल्या यकृतावर कोणतेही अनोळखी औषध लादू नये, एवढे समजायला तज्ज्ञ असावे लागत नाही.

शिवाय प्रतिकारशक्ती ही डब्यातल्या धान्यासारखी जितकी जास्त तितकी चांगली अशी वस्तू नाही. या काविळीत यकृताच्या पेशींचे बरेचसे नुकसान विषाणू करत नाही, विषाणूवर तुटून पडलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशी करतात. फौज नेमकी हवी आणि काम झाले की परत फिरणारी हवी. ती तशी राहते ती पुरेशी झोप, पोटभर साधे अन्न, लसीकरण आणि तंबाखू-दारूपासून दूर राहणे यांमुळे. हे सगळे कंटाळवाणे आहे, याची जाहिरात होत नाही, म्हणून ते पटत नाही.

शेवटी एक गोष्ट. शरीर स्वतःला बरे करते, पण नळाची फुटलेली पाइप ते दुरुस्त करू शकत नाही. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात सांडपाणी यमुनेतून पाणीपुरवठ्यात शिरले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून ती हिपॅटायटिस ई ची साथ होती हे पुढे कळले. आपल्याकडे इचलकरंजीत २०१२ मध्ये दूषित पाण्यातूनच काविळीची मोठी साथ आली. तिथल्या लोकांची प्रतिकारशक्ती इतरांहून कमी नव्हती, पाणी घाण होते. घरात एकाला कावीळ झाली तर पाणी उकळून प्या, शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. गल्लीत तिघांना झाली तर मात्र माळेकडे किंवा माझ्याकडे धावण्याआधी सगळ्यांनी मिळून नगरपालिकेकडे जा आणि गटारातून गेलेली नळाची लाइन दाखवा.

त्या शिक्षिकाबाईंनी जाताना विचारले होते, "आता माळ काढू का?" मी म्हटले, काढा किंवा राहू द्या, तिच्याशी माझे वैर नाही. आजोबांनी प्रेमाने आणली आहे. फक्त पुन्हा घरात कुणाला मळमळ आणि थकवा आला तर माळ आणायला जाण्याआधी त्याला सकाळच्या उजेडात दारात उभे करा आणि डोळे पाहा. आणि डॉक्टरने ट्यूबलाइटखाली पाहून "काही नाही" म्हटले, तर त्यालाही सांगा, जरा उजेडात या.